ताटावरचा पहारा

नोव्हेंबर महिन्याच्या १४ तारखेस आपल्या देशांतील शाळाशाळांतून बालदिन साजरा होतो व त्या दिवशीं मुलांना खाऊ वांटला जातो, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच तारखेस जगभर मधुमेहदिन पाळतात, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. ज्या शस्त्रवैद्यानें आपल्या सहकाऱ्यांसह इन्शुलीन शोधून काढिलें, त्या फ्रेडरिक बँटिंगचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजीं झाला. त्याच्या स्मरणार्थ १९९१ सालापासून हा दिवस पाळण्याची प्रथा पडली. एकाच सकाळीं वर्गांत पेढे वांटावयाचे, व त्याच वर्गांतील एखाद्या मुलाच्या दप्तरांत इन्शुलीनची सुई असावयाची, असा हा योग आहे. त्या मुलाच्या हातावर पेढा ठेवावा कीं न ठेवावा, हा प्रश्न वांटणाऱ्या शिक्षकास पडतो. आणि बहुधा तो मुलास कांहीं न विचारतांच पुढें सरकतो. या न विचारण्यासंबंधानेंच आज आम्हांस लिहावयाचें आहे.

आमचें म्हणणें केवळ ऐकीव नव्हे. हा विकार आमच्या अंगीं जडल्यास नऊ वर्षें होत आलीं. औषधाच्या गोळ्या, रोजचें चालणें, बोटास सुई टोंचून रक्ताचा थेंब पाहणें, या सर्वांची या अवधींत इतकी संवय झाली आहे कीं, त्यांचें कांहींच वाटेनासें झालें आहे. जिची संवय अद्याप झाली नाहीं ती गोष्ट म्हणजे चारचौघांत जेवावयास बसणें. शिक्षकांच्या खोलींत कोणाच्या नव्या घराचे किंवा मुलाच्या निकालाचे पेढे आले, म्हणजे डबा हातोहात फिरत येतो व आमच्यापाशीं पोंचतांच त्याची गति एकदम वाढते. देणाऱ्याच्या मुद्रेवर अशी कांहीं करुणा उमटते कीं, आम्ही आतां फार दिवसांचे सोबती नाहीं असें एखाद्या नवख्या माणसास वाटावें! लग्नाच्या पंगतींत याच्या उलट प्रकार. 'एका जिलबीनें कांहीं होत नाहीं हो, उद्यां एक गोळी जास्त घ्या,' असें म्हणून यजमान जिलबी पानांत टाकतात. (हा वैद्यकीय सल्ला कोणीं मनावर घेऊं नये.) ती आम्ही उचलावी न उचलावी तोंच पलीकडच्या रांगेंतून कोणी आप्त ओरडतात, 'अहो, तुम्हांला शुगर ना?' एकानें वाढावयाचें व दुसऱ्यानें काढून घ्यावयाचें असा हा समारंभ असून, त्यांत जेवणाराचें मत कोणीच घेत नाहीं. आमच्या लोकांस आग्रह ठाऊक आहे व निषेध ठाऊक आहे. या दोहोंच्या मधला जो साधा प्रश्न, 'तुम्हांला काय वाढूं?', तो मात्र जिभेवर येत नाहीं.

प्रौढ माणूस हंसून वेळ मारून नेतो. मुलांची गोष्ट तशी नाहीं. आणि हा लेख मुलांच्याही हातीं पडणार असल्यामुळें रोगाविषयीं थोडें स्पष्ट सांगणें अवश्य आहे. मधुमेह हा एकच रोग नाहीं. सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक 'सहज', म्हणजे जन्मतःच अंगीं आलेला, व दुसरा 'अपथ्यनिमित्त', म्हणजे अयोग्य आहारविहारामुळें झालेला. आधुनिक वैद्यकाचें वर्गीकरण याच्याशीं तंतोतंत जुळत नाहीं, तरी रोग्यारोग्यांत भेद आहे ही गोष्ट आपल्याकडे फार जुन्या काळीं ओळखली गेली होती. लहान मुलांस बहुतकरून जो होतो त्यास आतां पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. त्यांत शरीराची संरक्षक शक्तीच स्वादुपिंडांतील इन्शुलीन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करिते. मुलानें गोड फार खाल्लें म्हणून हा होत नाहीं, आईनें लाड केले म्हणून होत नाहीं, आणि शेजारीं बसल्यानें किंवा डबा वांटून खाल्ल्यानें तर कोणासच होत नाहीं. त्या मुलास इन्शुलीन बाहेरून घ्यावें लागतें, रोज घ्यावें लागतें, व त्यावांचून तें मूल जगूं शकत नाहीं. दुसरा प्रकार मुख्यतः प्रौढांचा, आमचाही तोच. त्यांत इन्शुलीन असतें, परंतु शरीर त्यास पूर्वींप्रमाणें दाद देत नाहीं, व पुढें पुढें तें पुरेसें तयारही होत नाहीं. सुश्रुताच्या दोन शब्दांपैकीं 'सहज' हा समाज विसरून गेला, व 'अपथ्यनिमित्त' तेवढा त्यानें पाठ करून ठेविला. कोणास मधुमेह झाला असें कानीं पडतांच 'काय खात होता?' हाच पहिला प्रश्न येतो.

दुसऱ्या प्रकारासही हा प्रश्न पुरा पडत नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून आपल्या देशांत १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह असल्याचें दिसून आलें. आणि सर्वांत अधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यांत, प्रौढांत शेंकडा २६ च्या वर, निघालें. इतकीं माणसें एकाएकीं अधाशी झालीं असें मानण्यापेक्षां दुसरें कांहीं कारण शोधणें अधिक शहाणपणाचें नाहीं काय? तसें तें पुण्यास शोधलें गेलें आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं पुण्यानजीकच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रिया व त्यांचीं बालकें यांचा अभ्यास १९९३ सालापासून चालविला. तेथील नवजात बालकाचें सरासरी वजन २.७ किलोग्राम भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकाचें ३.५ किलोग्राम होतें. परंतु आमचें हें किरकोळ बालक स्नायूंच्या बाबतींत जितकें रोडकें, तितकें चरबीच्या बाबतींत नव्हतें. पुढें २००४ सालीं याच डॉक्टरांनीं लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्या शेजारीं उभे राहून काढिलेलें छायाचित्र प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें वजनाचा जो आंकडा काढतात तो दोघांचा सारखाच, २२.३, पण शरीरांतील चरबी मोजली तेव्हां इंग्रज डॉक्टरांची शेंकडा ९.१, व आमच्या पुणेकर डॉक्टरांची २१.२! आईच्या पोटांत असतांना जें पोषण कमी पडतें त्याची ही शरीरानें केलेली तजवीज असते, असें या शास्त्रज्ञांचें प्रतिपादन आहे. तें खरें धरल्यास, ज्याला आपण खादाडपणाचें फळ म्हणतों त्याचें मूळ कित्येकदां मागच्या पिढीच्या अर्धपोटीं राहण्यांत असावें. हें कळल्यावर निदान बोलण्याचा सूर तरी उतरावा.

आतां ताटावरच्या पहाऱ्याची हकीकत सांगतों. इन्शुलीन सांपडण्यापूर्वीं पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेलें मूल फार काळ जगत नसे. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयांत फ्रेडरिक ॲलन नांवाचे डॉक्टर होते. रोग्याचें अन्न लघवींतील साखर नाहींशी होईपर्यंत कमी करीत नेलें, तर तो आणखी कांहीं महिने, क्वचित् कांहीं वर्षें, तग धरतो असें त्यांस दिसून आलें. मग प्रत्येक घांसाचें वजन होऊं लागलें. भाज्या तीन तीन वेळां उकळून, पाणी फेंकून देऊन, त्यांतील सत्त्व काढून टाकून मगच रोग्यास द्यावयाच्या. ॲलन यांचा मोठा ग्रंथ १९१९ सालीं प्रसिद्ध झाला, व त्यांत एका १२ वर्षांच्या मुलाची नोंद आहे. मधुमेहानें त्याची दृष्टि गेलेली होती. अन्न इतकें मोजून देत असतांही त्याच्या लघवींत साखर येतच राहिली, व ती कोठून येते हें कोणास कळेना. एक आंधळा, अशक्त मुलगा, चोहोंकडून पहाऱ्यांत. तो अन्न मिळविणार कोठून? अखेर चौकशीअंतीं उलगडा झाला. त्यानें एक कॅनरी पक्षी मागून घेतला होता. त्याच्या पिंजऱ्यांतले दाणे तो खात असे, आणि दांत घासण्याची पेस्टही खात असे. तो मुलगा पुढें वांचला नाहीं.

ॲलन यांस निर्दय म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांच्यापाशीं दुसरा उपायच नव्हता, व त्यांच्या या उपासमारीच्या उपचारावर तग धरून राहिलेले कांहीं थोडे रोगी इन्शुलीन हातीं येईपर्यंत जगले, हेंही विसरतां कामा नये. १९२१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेंत बँटिंग व बेस्ट यांनीं स्वादुपिंडाचा अर्क तयार केला. ११ जानेवारी १९२२ रोजीं लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास तो प्रथम टोंचला, तेव्हां तो अशुद्ध असल्यामुळें उपयोगीं पडला नाहीं. परंतु कॉलिप यांनीं शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीस दिला व तो मुलगा सुधारूं लागला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें एलिझाबेथ ह्यूज नांवाची मुलगी बँटिंगकडे आली. अमेरिकेच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्र्यांची ही कन्या वयाच्या अकराव्या वर्षापासून आजारी असून ॲलन यांच्या पथ्यावर तीन वर्षें जगली होती, व पंधराव्या वर्षीं तिचें वजन अवघें २० किलोग्रामांच्या आसपास उरलें होतें. इन्शुलीन मिळालें आणि ती भाकर खाऊं लागली. पुढें तिनें लग्न केलें, तिला तीन मुलें झालीं, आणि १९८१ सालापर्यंत ती जगली. इतकें असूनही आपणांस मधुमेह आहे ही गोष्ट तिनें आयुष्यभर अगदीं जवळच्या माणसांवांचून कोणास कळूं दिली नाहीं. ज्या मुलीच्या तोंडांतला घांस तीन वर्षें तराजूंत पडत होता, तिला पुढें लोकांची दृष्टि आपल्या ताटावर नको वाटली, यांत आम्हांस तरी नवल वाटत नाहीं.

इन्शुलीन येऊन शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. उपासमारीचा उपचार गेला. त्याबरोबरचा पहारा मात्र आमच्या घरांतून उठलेला नाहीं, हें आमचें मुख्य म्हणणें आहे. ज्या घरांत एकास मधुमेह आहे तेथें फराळाचे डबे वरच्या फळीवर जातात, कपाटास कुलूप लागतें, व नातवंडांस हेर नेमण्याची चाल तर सर्वत्र आहे. सहा वर्षांचा नातू पंगतींत खणखणीत आवाजांत सांगतो, 'आजोबा, तुम्हांला चालत नाहीं ना?' सगळे हंसतात. आजोबाही हंसतात, व रात्रीं सर्व निजल्यावर अंधारांत चांचपडत फळीपाशीं जातात. ताटांत वाढलेला एक लाडू त्यांनीं सर्वांसमक्ष, सावकाश, चव घेत खाल्ला असता, तर जेवणांतील भात तेवढा कमी घेऊन त्याचा हिशोबही राहिला असता. अंधारांत उभ्यानें खाल्लेल्या तीन लाडवांचा हिशोब कोण ठेवणार? शिवाय त्या तीन लाडवांची चवही त्यांस लागत नाहीं, कारण कान दाराकडे असतात.

लहान मुलांवरील पहारा तर आतां यंत्रानें अधिकच कडक झाला आहे. दंडावर चिकटविलेला एक लहानसा तुकडा दर कांहीं मिनिटांनीं रक्तशर्करेचा आंकडा सांगतो, व तो आंकडा फोनवरून आईच्या कचेरींत जाऊन पोंचतो. यंत्र अत्यंत उपकारक आहे. त्यानें जीव वांचतात. परंतु आंकडा वर गेला कीं 'काय खाल्लेंस?' हा प्रश्न शाळेंत फोनवरून येऊं लागला, म्हणजे तें यंत्र मुलाच्या दंडावर बसलेला शिपाई होतें. वास्तविक आंकडा वर जाण्यास खाणें हें एकच कारण नसतें. ताप, अपुरी झोंप, परीक्षेची धास्ती, कांहीं औषधें, यांनीं तो चढतो. पहांटेच्या सुमारास शरीर आपण होऊन साखर रक्तांत सोडतें, त्यामुळें रात्रीं कांहीं न खातांही सकाळचा आंकडा चढलेला असतो. वयांत येणाऱ्या मुलामुलींत वाढीच्या रसांमुळें तेंच इन्शुलीन कमी गुण देतें. निरपराध मुलास 'खरें सांग' म्हणून दरडावलें, तर पुढच्या वेळीं तें काय करील? आम्ही शिक्षक आहों, आम्हांस हें चांगलें ठाऊक आहे. ज्या वर्गांत चुकलेल्या गणितास छडी मिळते त्या वर्गांत मुलें गणित शिकत नाहींत, शेजाऱ्याच्या वहींत पाहावयास शिकतात. तद्वत् रक्तशर्करेची वही ज्या घरीं प्रगतिपुस्तकाप्रमाणें वाचली जाते, तेथील मुलें तींत मनाचे आंकडे लिहूं लागतात. आणि डॉक्टर त्या खोट्या आंकड्यांवरून इन्शुलीनचें प्रमाण ठरवितात. आंकडा हा गुण नव्हे. तो पावसाच्या मोजपात्रांतील पाण्यासारखा आहे. किती पडला तें तो सांगतो, कोणाची चूक तें सांगत नाहीं.

आमच्या या मतास आधार आहे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलॉन्स्की व त्यांचे सहकारी यांनीं मधुमेह असलेल्या माणसाच्या मनावर पडणारें ओझें मोजण्यासाठीं १९९५ सालीं २० प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली, व ती आजही वापरली जाते. सुयांविषयीं त्या यादींत फारसें कांहीं नाहीं. सदैव खाण्याचाच विचार मनांत घोळणें, जेवणांत आपण कांहींतरी गमावलें आहे असें वाटणें, पथ्य सुटलें कीं अपराधी वाटणें, घरचीं माणसें आपणांस समजून घेत नाहींत असें वाटणें, अशा गोष्टी तींत विचारल्या आहेत. दुसरा आधार जर्मनींतील ड्युसेलडॉर्फचा. पहिल्या प्रकारच्या रोग्यांस अन्नांतील पिष्ट ओळखावयास व त्या मानानें इन्शुलीन कमीजास्त घ्यावयास शिकवावें, आणि मग त्यांच्या ताटाची मोकळीक त्यांनाच द्यावी, असा उपक्रम तेथील डॉक्टरांनीं चालविला. ब्रिटनमध्यें तो पारखून पाहण्यांत आला व त्याचा निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाला. पांच दिवसांचें शिक्षण घेऊन मोकळेपणानें जेवणाऱ्या त्या प्रौढ रोग्यांची रक्तशर्करा बिघडली नाहीं. उलट सुधारली, व जेवणाचा आनंदही वाढला. पहारेकरी काढून टाकून त्या जागीं ज्ञान बसविलें, एवढाच त्यांतील फरक.

हें सर्व आम्ही इतक्या आग्रहानें कां लिहितों, तें पालकांनीं विशेष लक्ष देऊन वाचावें. वयांत येणारीं कांहीं मुलें, विशेषेंकरून मुली, ताटावरील व अंगलटीवरील बोलणीं ऐकून ऐकून इतक्या कंटाळतात कीं, गुपचूप इन्शुलीनच टाळूं लागतात. बाहेरून पाहणारास मूल केवळ मलूल व चिडखोर दिसतें. पण पहिल्या प्रकारांत इन्शुलीन बंद पडलें म्हणजे रक्तांत आम्ल सांचूं लागतें; ओकाऱ्या होतात, पोट दुखतें, श्वास खोल व जलद चालतो, तोंडास पिकल्या फळासारखा वास येतो, आणि एकदोन दिवसांत प्राणावर बेततें. असें मूल ताबडतोब रुग्णालयांत न्यावें. तेथें प्रथम 'कां चुकविलेंस?' म्हणून रागें भरूं नये. एकीकडे 'किती खातेस', दुसरीकडे 'अमुक खाऊं नकोस', व तिसरीकडे 'सुई घेतलीस का', अशा तीन बाजूंनीं घेरलेलें मूल चौथ्या बाजूनें निसटूं पाहतें, आणि ती बाजू कड्याची असते.

मग पथ्यच नको, असें का आमचें म्हणणें? मुळींच नाहीं. आमच्यासारख्या दुसऱ्या प्रकारच्या रोग्यानें मोजून खाल्लेंच पाहिजे, व आम्ही खातों. फक्त पथ्य म्हणजे काय तें घरांतील सर्वांनीं नीट समजून घ्यावें. 'हें गुळाचें आहे, तुम्हांला चालेल,' असें मोठ्या प्रेमानें सांगणाऱ्या माउलींस आमची विनंति कीं, गूळ हा बहुतांशीं साखरच होय. रक्तांत गेल्यावर तो आपला रंग दाखवीत नाहीं. मधाचीही तीच गोष्ट. उपासाची साबुदाण्याची खिचडी गोड नसली तरी जवळजवळ सगळें पिष्टच, व ती नियमितपणें चढते. 'शुगर-फ्री' असें छापलेल्या बर्फींत साखर नसेल, खवा असतोच. उलट ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक व मुठीएवढा भात, हें जें साधें मराठी जेवण, तें मधुमेह्याचें म्हणून वेगळें रांधावयाचें कारण नाहीं. तें सगळ्या घरानेंच जेवावें. एकासाठीं बेचव भाजी वेगळी काढून त्याच्यापुढें बाकीच्यांनीं पुरणपोळी खावी, या व्यवस्थेंत पथ्य टिकणें मनुष्यस्वभावास कठीण आहे. दिवाळींत शेजाऱ्यांकडून आमच्या घरीं फराळाचें ताट येतें व नाताळांत आमच्याकडून त्यांच्याकडे जातें. दोन वर्षांपूर्वीं त्या घरच्या काकूंनीं पाठविलेल्या ताटांत एका कोपऱ्यास दोनच करंज्या निराळ्या मांडून, बाजूस भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी ठेविली होती. 'दोन तुमच्या,' एवढाच निरोप होता. आमच्या आजाराचा उच्चार न करितां त्याची दखल घेणारें इतकें सभ्य ताट आम्हीं दुसरें पाहिलें नाहीं.

शाळेपुरतें आतां थोडेंसें. इन्शुलीन घेणाऱ्या मुलाच्या बाबतींत साखर चढण्यापेक्षां ती एकाएकीं उतरणें हा वर्गांतला अधिक तांतडीचा धोका होय. आंकडा ७० च्या खालीं गेला कीं घाम सुटतो, हात कांपतात, भूक लागते, डोकें चालेनासें होतें. विचारलेल्या प्रश्नास मूल भलतेंच उत्तर देतें किंवा देतच नाहीं. शिक्षकास हा उर्मटपणा वाटण्याचा संभव आहे. अशा मुलास एकटें बाहेर पाठवूं नये. त्यास तेथेंच बसवून सुमारें १५ ग्राम ग्लुकोज, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यांतून द्यावें. १५ मिनिटांनीं पुन्हां तपासावें, व आंकडा वर आला नसल्यास पुन्हां तेवढेंच द्यावें. चॉकलेट या कामीं मंद पडतें, कारण त्यांतील स्निग्धांशामुळें साखर उशिरां शोषली जाते. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडांत कांहींही घालूं नये; तत्काळ डॉक्टर गांठावा. आणि सोबत्यांनीं लक्षांत ठेवावें कीं, तासाला चालू वर्गांत गोड खाणारा तुमचा हा मित्र त्या घटकेला औषध घेत असतो. 'तुला तर गोड चालत नाहीं!' हें वाक्य त्या वेळीं त्यास ऐकवूं नका.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानें २०२३ सालीं अशी लेखी सूचना केली आहे कीं, पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मुलांस वर्गांत रक्त तपासूं द्यावें, इन्शुलीन घेऊं द्यावें व मधल्या वेळचें खाणें खाऊं द्यावें. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें २०२५ सालीं आपल्या शाळांतून साखरेचे फलक लावावयास सांगितलें. कोणत्या पेयांत व खाऊंत किती साखर असते तें त्यांवर मुलांस दाखवावयाचें. फलक उत्तम आहे. बाटलीबंद गोड पेयांविषयीं मुलांचे डोळे उघडावे हें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. मात्र त्या फलकाकडे बोट करून पुढें तेंच बोट एखाद्या लठ्ठ मुलाकडे किंवा सुई घेणाऱ्या मुलीकडे वळणार असेल, तर तो फलक शिकविणाऱ्या शिक्षकानेंच तें बोट खालीं करावें.

त्याच मंडळानें २०१७ सालीं मधुमेही विद्यार्थ्यांस परीक्षेच्या दालनांत साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी वगैरे जवळ ठेवण्याची परवानगी दिली. परीक्षा कोणत्याही मंडळाची असो, आपल्या शाळेंतही तसेंच असावें. ज्यांच्या पाल्यास याची गरज आहे त्यांनीं वार्षिक परीक्षेच्या पूर्वींच वर्गशिक्षकांस भेटून तसें कळवावें. मुलाची इच्छा असेल तर सर्व वर्गास, नसेल तर केवळ शिक्षकांस. पर्यवेक्षकानें बांकावरची ग्लुकोजची पुडी पाहून कपाळास आंठ्या घालूं नयेत. आणि शेजारच्या बांकावरील विद्यार्थ्यानें, गणिताचा पेपर अवघड असला तरी, आपल्यालाही ती मिळावी म्हणून हात वर करूं नये.